तीन दिवसांचा लोकसहभाग

शहरी महाराष्ट्रात निसर्गसंवर्धन हे लोकांनी करावयाचे कार्य मानले जात असले, तरी लोकांनी ते नेमके केव्हा करावयाचे हे समजून घेण्यासाठी झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा १९७५ चा राज्य अधिनियम वाचावा लागतो. या कायद्यान्वये वृक्ष प्राधिकरणाने, म्हणजे झाडांविषयी निर्णय घेणाऱ्या पालिकेच्या समितीने, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी, रोपवाटिका सांभाळाव्यात, वृक्षतोडीचे अर्ज तपासावेत आणि वर्षातून किमान एकदा फुलझाडांचे प्रदर्शन भरवावे, अशी अपेक्षा आहे. या कर्तव्यांपैकी नागरिकांच्या तोंडपाठ असते ते शेवटचेच. ज्या हाताने कुऱ्हाडीला परवाना द्यायचा त्याच हाताने गुलाबाला बक्षीस द्यायचे, ही योजना इतकी सुटसुटीत आहे की तिला विनोद म्हणणे विधिमंडळावर अन्याय करणारे ठरेल.

मुंबईत हे प्रदर्शन भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे १८६० च्या दशकात खुल्या झालेल्या राणीच्या बागेत, बहुधा थंडी सरता सरता तीन दिवस भरते. सांगाड्यांवर शेवंती-झेंडू खोचून हत्ती, मोर आणि व्यंगचित्रांतील पात्रे साकारली जातात, त्यांच्यापुढे कुटुंबेच्या कुटुंबे मोबाइल उंचावून उभी राहतात, आणि निसर्ग म्हणजे जो कुंडीत मावतो व सोमवारी टेम्पोत बसून परत जातो, असा बोध घेऊन लहान मुले घरी जातात. त्याच आवारात मूळची ब्रह्मदेशातील, लाल झुंबरांसारखे घोस खाली सोडणारी उर्वशी आणि आफ्रिकेतून आलेली, बुंध्याला मिठी न मावणारी गोरखचिंच उभी असते. परंतु ही झाडे वर्षभर तिथेच असल्यामुळे ती पाहण्याची घाई कोणालाच नसते.

वास्तविक लोकसहभागाची तरतूद याच कायद्यात अन्यत्र आहे. झाड तोडण्यापूर्वी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी, ती त्या झाडावरही डकवावी आणि नागरिकांच्या हरकती ऐकाव्यात, असे तो सांगतो. मात्र हा कागद फुलांनी सजवण्याचा प्रघात नसल्याने त्याच्यासोबत छायाचित्र काढून घ्यावे असे कोणाला वाटत नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ मधील लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील सजीवांची आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची लोकांच्या मदतीने करावयाची नोंद, ही तर कपाटातच अधिक सुरक्षित राहते.

अपवाद घडतात, हे मान्य केले पाहिजे. २००७ च्या सुमारास राणीच्या बागेच्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला, तेव्हा वनस्पतींची जाण असलेल्या काही महिलांनी तेथील झाडांच्या बाजूने चिकाटीने हरकती मांडल्या, वारसा समितीपर्यंत प्रकरण नेले आणि मूळ आराखड्याला मुरड घालायला लावली. या कामगिरीसाठी त्यांना ढाल किंवा प्रशस्तिपत्र मिळण्याची सोय नव्हती, कारण प्रदर्शनात गुलाब, निवडुंग, बोन्साय आणि कुंडीतील भाजीपाला यांच्यासाठी स्पर्धेचे स्वतंत्र गट असतात. हरकतींचा गट अद्याप काढण्यात आलेला नाही.