वाऱ्याच्या दिवशी हिमनदी पाहण्याची रीत

चिलीच्या दक्षिण टोकाकडील तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानात वारा पडलेला दिवस मिळाला तर तो बहुधा जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात, म्हणजे प्रवासी नसताना. डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात वारा आणि पर्यटक, दोघांचाही हंगाम एकदमच भरात येतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोताचे तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. उद्यान ५१ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आहे. या पट्ट्यात पश्चिमेचे वारे बारमाही, आणि पॅसिफिकवरून येताना हजारो किलोमीटर त्यांच्या वाटेत साधी टेकडीही लागत नाही. पहिला अडथळा अँडीजचा, दुसरा प्रवाशाचा.

तयारीत प्रथम छत्री वगळावी. कानटोपी हनुवटीखाली बांधता येणारी घ्यावी आणि ती खरोखर बांधावी. केसांची रचना घरीच मनातल्या मनात सोडून द्यावी.

यापुढचा टप्पा गाडीतून उतरण्याचा. तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. पुएर्तो नातालेसहून भाड्याने आणलेली गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी. वारा मागून असला तर उघडलेले दार हातातून हिसकले जाते, बिजागरीसकट उलटे वळते, आणि मग विम्याच्या कागदांचा अभ्यास सुरू होतो. दार दोन्ही हातांनी धरून, बोटभर फट पाडून, झोत ओसरला की उघडावे. समोरासमोरची दोन दारे एकदम उघडणे हा नवख्यांचा खास प्रमाद: नकाशा, पावत्या आणि चिवड्याची रिकामी पिशवी एका दमात पसार होते. पिशवीमागे धावणे भाग आहे, कारण उद्यानात कचरा टाकता येत नाही. ग्वानाको हे उंटाच्या कुळातले प्राणी अशा वेळी रवंथ न थांबवता पाहत राहतात.

साल्तो ग्रांदे धबधब्याशी पाणी वरून खाली पडते, हा समज तात्पुरता बाजूला ठेवावा. त्यातले बरेच तुषार आडवे येतात. तिथून निघणारी वाट कुएर्नोस शिखरांच्या समोर नेते. सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जुन्या गाळाच्या खडकांत घुसून थिजला. म्हणून या शिखरांचे अंग फिकट ग्रॅनाइटचे आणि माथा काळा. हे निरीक्षण बसून करावे. चालताना वारा वाहील तशी पाठ द्यावी, झोत आला की वाकावे, आणि कड्याच्या काठावर छायाचित्रासाठी हात फैलावू नयेत. वनरक्षकांनी वाट बंद केली असल्यास त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

आता मूळ विषय, ग्रे हिमनदी. दक्षिण पॅटागोनियाच्या हिमक्षेत्रातून निघून ती ग्रे सरोवरात उतरते, पण उत्तर टोकाला. गाडी पोचते दक्षिणेला. किनाऱ्यावरून दिसते ती क्षितिजाशी एक पांढुरकी पट्टी. अनेक जण इथे हिरमुसतात. वास्तविक सुटून आलेले हिमखंड याच काठाला लागतात, आणि त्यांना इकडे ढकलत आणणारा हाच तो शिव्या खाल्लेला वारा. २०१७ च्या नोव्हेंबरात सुमारे ३५० मीटर लांबीचा एक तुकडा सुटला होता. एरवीचे खंड घराएवढे किंवा त्याहून लहान. दाबामुळे त्यांतली हवा निघून गेलेली असते. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. डोळ्यांत वाळू नसताना हा निळा रंग पाहावा.

थंडीने चहाची तल्लफ येईल. मात्र उद्यानात शेकोटीला सक्त मनाई आहे आणि स्टोव्ह केवळ नेमलेल्या जागीच पेटवता येतो. हा नियम विनोदाचा नाही: २००५ मध्ये एका प्रवाशाच्या कलंडलेल्या स्टोव्हने सुमारे १५,००० हेक्टर जळाले, २०११-१२ च्या वणव्यात त्याहूनही अधिक. थर्मास आणावा.

हिमनदीच्या तोंडापर्यंत नेणारी बोट वारा वाढला की रद्द होते. हे धक्क्यावर पोचल्यावर कळते. पैसे परत मिळण्याच्या अटी तिकिटावर बारीक अक्षरांत असतात. त्या वाचताना तिकीट दोन्ही हातांनी धरावे.