वायरिंगतज्ज्ञ, मुक्काम हिंगोली

गाडीच्या वायरिंगमधलं मला फार कळतं, असं अमेरिकेत एका माणसाचं ठाम मत आहे. हिंगोलीत तसं मत असलेला माणूस अजून भेटायचाय. पण बाहेर मान्यता मिळाली की गावात मिळायला फार वेळ लागत नाही, अशा हिशेबानं मी वाट बघतोय.

हा माणूस म्हणजे माझा भाचा. न्यू जर्सीत बँकांच्या कॉम्प्युटरचं काहीतरी करतो आणि मिळालेला पगार १९९१ सालच्या एका माझदा मियाटात घालतो. दोनच माणसं बसतील एवढी ती गाडी. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि बटण दाबलं की झाकणासकट वर येतात. हे वेड २००४ सालचं, 'टारझन: द वंडर कार' या सिनेमातलं. त्यातली गाडी दिलीप छाब्रियांनी टोयोटा एमआर-टूवरून घडवलेली. सिनेमाला त्याला मी नेलं होतं, म्हणून माझदावरच्या सगळ्या खर्चाला माझी बहीण आजही मलाच जबाबदार धरते.

तर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, व्हिडिओ कॉल.

"मामा, उजवा दिवा वरच राहिलाय. खाली जाईना."

मी लगेच उत्तर दिलं नाही. चष्मा पुसला. तज्ज्ञानं पहिली दोन मिनिटं गप्प बसायचं असतं, हे मी ज्यांच्याकडं शिकलो ते बसस्टँडमागच्या गाळ्यातले मिस्त्री. माझ्याकडं जुनी महिंद्रा जीप होती तोवर माझ्या संध्याकाळी तिथंच जात. वायरिंगचं माझं शिक्षण तिथलं. मिस्त्री काम करायचे, मी बॅटरी धरायचो. बॅटरी धरायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मिस्त्रींच्या डोक्याची सावली चुकवून उजेड पाडून दाखवावा.

"पण मामा, ही जपानी गाडी आहे. तुमची जीप…"

इथं मी त्याला अडवलं. अमेरिकेत १९४० पासून कित्येक वर्षं मोटारीला ठरलेल्या मापाचाच सात इंची गोल सीलबंद दिवा लावावा लागायचा. तो जमिनीपासून किती उंच हवा, याचाही नियम होता. आता स्पोर्ट्स कारचं नाक तर चपटं पाहिजे. मग करणार काय? दिवसा दिवा आत घ्यायचा आणि रात्री कायद्याच्या उंचीवर काढायचा. बघणाऱ्याला ती ऐट वाटते, पण तिच्या मुळाशी आरटीओ आहे. १९८३ मध्ये नियम सैल झाले. मियाटा आली १९८९ मध्ये, तरी तिनं ती ऐट सोडली नाही. आणि ते झाकण वर आलं की आत काय दिसतं? सात इंची गोल दिवा. महिंद्रा जीपला असतो, बुलेटला असतो, तोच. म्हणजे आडपडदा बाजूला केला तर तो माझ्याच विषयाचा दिवा होता. भाचा निरुत्तर झाला. निदान फोन थोडा वेळ गप्प होता. कदाचित रेंज गेली असेल.

"मोटरवर काळं रबरी टोपण आहे, ते काढ," मी म्हणालो. हे मला माहीत होतं, कारण मी आधीच वाचून ठेवलं होतं. तज्ज्ञानं वाचावं, फक्त कुणाला कळू देऊ नये. त्या टोपणाखाली एक गोल मूठ असते. वीज गेली, मोटर रुसली, तरी ती हातानं फिरवून दिवा वरखाली करता येतो. हे जपान्यांना सुचलं याचा मला आदर वाटतो. त्यांच्या डोळ्यांसमोर लोडशेडिंग असल्याशिवाय हे सुचणार नाही.

"आधी फ्यूज काढ, मग मूठ फिरव. बोटं सांभाळ."

तो मूठ फिरवत असताना मला औंढा नागनाथ आठवलं. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन बसले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, ही आमच्याकडची श्रद्धा. ना रिले, ना मोटर, ना मूठ. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, घट्ट फिरतंय." पण औंढ्याचा विषय निघाला की मला थांबता येत नाही, कारण पुढं लायगो येतो.

लायगो-इंडिया आमच्या औंढा तालुक्यात होतंय. काटकोनात दोन बोगदे, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आत लेसर. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं २,६०० कोटी मंजूर केले. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं आपटली की अवकाश किंचित ताणतं, तो ताण इथं मोजायचा. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी तो पहिल्यांदा पकडला १४ सप्टेंबर २०१५ ला. ती टक्कर झाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक ही यंत्रं ओळखतात. मी हे हळदीच्या मोंढ्यात सांगितलंय, लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, आणि एकदा वारंगा फाट्यावर खिचडी खाताना शेजारच्या ट्रक ड्रायव्हरला सांगितलंय. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्याला अर्थिंग कसं करणार?" इतका नेमका प्रश्न मला शास्त्रज्ञांच्या भाषणात ऐकू आला नाही.

मी लायगोचा एवढा जप का करतो, तेही सांगून टाकतो. पुण्यात, मुंबईत, अगदी रेल्वेच्या डब्यातसुद्धा 'हिंगोली' म्हटलं की समोरचा विचारतो, "नांदेडजवळ का?" १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, तरी आम्ही अजून कुणाच्या तरी जवळच आहोत. भाच्याला मी बजावून ठेवलंय, अमेरिकेत कुणी गाव विचारलं तर सांगायचं, जगाला विश्वाचे धक्के जिथून कळणार आहेत, तिथला मी. तो काय सांगतो कोण जाणे. मला शंका आहे की तोही 'मुंबईजवळ' म्हणून मोकळा होतो.

"मामा, ऐकताय ना? दिवा हातानं खाली गेला."

म्हणजे सांधे ठीक, दोष विजेचा. मिस्त्रींचं एक सूत्र होतं, "अर्थिंग बघा पहिले, बाकी मग." गाडीत बॅटरीची निगेटिव्ह वायर पत्र्याला जोडलेली असते. येताना करंट वायरीतून येतो, जाताना गाडीच्या अंगातून जातो. म्हणून ज्या बोल्टानं वायर पत्र्याला आवळलेली असते, तिथं गंज धरला की वायर तोडल्यासारखंच. माणूस महागडी मोटर बदलतो, रिले बदलतो, आणि चोर सगळा वेळ एका बोल्टाखाली बसलेला असतो.

"फ्यूज परत लाव, कपलर सोड, टेस्ट लॅम्प घे," मी हुकूम सोडला. एक टोक कपलरमधल्या करंटाच्या पिनेला, दुसरं तिथल्याच काळ्या वायरीला: लॅम्प लागेना. दुसरं टोक पत्र्याच्या स्वच्छ जागेला: लख्ख. करंट येत होता, परतायला वाट नव्हती. न्यू जर्सीत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठानं बोल्ट खाल्ला होता. भाच्यानं तो सोडला, पॉलिश पेपर मारला, परत आवळला, कपलर बसवला. बटण दाबलं. दोन्ही दिवे वर, दोन्ही दिवे खाली. मग नुसताच वरखाली करत बसला. लहानपणी आमच्या घरातलं दिव्याचं बटण असंच करायचा आणि मार खायचा.

मी या यशाचा फार गवगवा केला नाही. फक्त चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि टपरीवर जे येत नाहीत त्यांना फोन करून.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यातून जात नाही. असे वर येणारे दिवे असलेल्या शेवटच्या नावाजलेल्या गाड्या २००४ पर्यंत निघाल्या, मग तो प्रकार संपला. पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम आले, नवे दिवे चपटे झाले, आणि त्या मोटरी, त्या दांड्या बिघडायच्याही फार. बरोबरच आहे. माझी हल्लीची गाडी त्या मानानं शहाणी, तिचं काही बिघडत नाही. मध्यंतरी तिच्या दिव्यामागची प्लॅस्टिकची एक कडी तेवढी तुटली. काच शाबूत, दिवा चालू. शोरूममधला टाय लावलेला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. उघडता येत नाही? नाही. सोल्डर? नाही. बॅटरी धरू का? तो माझ्याकडं बघतच राहिला. मला राग पैशांचा आला, हे खरं. पण त्याहून जास्त या गोष्टीचा की त्या दिव्याबद्दल मला कुणी काही विचारू शकणार नाही, मी कुणाला विचारू शकणार नाही. बिघाडच असा की त्यावर दोन माणसांना बोलता येत नाही.

भाच्याकडं मियाटाचं सगळं वायरिंग मॅन्युअल आहे, रंगीत नकाशांसह. हे मला बहिणीकडून कळलं. मी त्याला त्याबद्दल विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

परवा तो म्हणाला, "मामा, विकून टाकावी म्हणतोय. इलेक्ट्रिक घेतो. मेंटेनन्सच नाही."

मी त्याला समजावलं. जुन्या गाड्यांची किंमत वाढतेय. असे दिवे परत होणे नाहीत. हातानं फिरवायची मूठ नव्या गाडीला कुठली? शिवाय हिंगोलीच्या माणसानं घाईनं निर्णय घेऊ नये. तो 'हो, हो' म्हणत होता, पण पटल्यासारखा दिसेना. तेवढ्यात त्याच्या मामीनं स्वयंपाकघरातून येऊन माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"अरे, विकू नकोस रे बाबा," ती म्हणाली. "शनिवारच्या संध्याकाळी ह्यांचं मी काय करू?"