पांढरी पाच, किंचित चढी

किशोरीताईंचा भूप चालू असताना माऊस हलवला, की आमच्या स्पीकरमधून ‘किर्र’ असा आवाज यायचा. हळू हलवला तर बारीक किर्र, जोरात हलवला तर जाड. संगणकाच्या पाठीमागे जे हिरवं भोक असतं, त्यात स्पीकरची पिन खुपसली की संगणकाच्या पोटातली सगळी गुरगुर गाण्यात उतरते, हे मला पुढे कळलं. तोवर आमचा उपाय सोपा होता. आलापीत माऊसला हात लावायचा नाही. द्रुत सुरू झाली की चालतं, तबल्यात खपून जातं.

हे असंच सुखात चाललं असतं. पण एका रविवारी आमचे एक स्नेही आले. गातो तो तानसेन आणि ऐकतो तो कानसेन अशी जुनी वाटणी आहे. हे गृहस्थ तिसऱ्याच जातीचे. ते गाणं ऐकत नाहीत, स्पीकर ऐकतात. त्यांनी डोळे मिटले, अर्धा मिनिट थांबले, आणि डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाले, “तुमचा साउंडस्टेज फार अरुंद आहे हो.”

“हॉलच दहा बाय बारा आहे,” बायको आतून म्हणाली.

त्यानंतर पोहे गार होईपर्यंत माझी शिकवणी झाली. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं घेतली की काम भागतं. पण नेमकी ४४,१००च का? तर त्या काळी हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरत. पडद्याच्या एका ओळीत ३ मापं, एका खेपेला २४५ ओळी, सेकंदाला ६० खेपा. करा गुणाकार. म्हणजे १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा तिचा आकडा कुठल्या गंधर्वाने ठरवलेला नव्हता, टीव्हीच्या ओळींनी ठरवलेला होता. मला हे फार आवडलं. टीव्ही आमच्या गाण्यात पुढेही येणार होता, ते तेव्हा माहीत नव्हतं.

सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट जागा खातो. एमपी३ जास्तीत जास्त ३२०. एमपी३ हा कंजूष वाढपी आहे. तुमच्या लक्षात येणार नाही असं त्याला वाटतं ते तो पानात वाढतच नाही. मसालेभात वाढला की त्याच्याखाली कोशिंबीर आहे की नाही कोण बघतंय, हा त्याचा हिशेब. याउलट फ्लॅक म्हणजे गुडघ्याने दाबून भरलेली बॅग. मुक्कामी उघडली की प्रत्येक कपडा परत मिळतो. स्नेह्यांच्या मते मी आजवर अर्ध्या पानावर जेवून ढेकर देत होतो.

मी डॅक मागवला. संगणकातले आकडे घेऊन त्यांचा पुन्हा आवाज करणारी ही डबी. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी, किंमत नऊ हजार. “यात काय आहे?” बायकोने विचारलं. “आकड्यांचा आवाज होतो,” मी म्हणालो. “आकड्यांचा आवाज महिनाअखेरीला होतो,” ती म्हणाली. मात्र डबी यूएसबीला लावली आणि माऊसची किर्र पहिल्या मिनिटात गेली. खरं सांगायचं तर या सबंध प्रकरणात पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं ते तेवढ्या एका मिनिटात. शहाण्या माणसाने तिथे थांबायचं असतं.

पण स्नेही फोनवर होते. “विंडोजचं काय केलंत?” विंडोजला एक खोड आहे. येणाऱ्या प्रत्येक आवाजाला ती एकाच मापाचा गणवेश घालते. गाणं ४४,१००चं असो की ९६,०००चं, सेटिंगमध्ये ४८,००० लिहिलं असेल तर सगळे ४८,०००च्या रांगेत. वर त्याच रांगेत ईमेल आल्याची टिंगही उभी. यावर इलाज म्हणजे गाण्याच्या अॅपमधला ‘एक्स्क्लुझिव्ह मोड’. तो चालू केला की डॅक फक्त गाण्याचा, बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे याला सोवळं म्हणतात. आमच्या आजीने हा मोड बासष्ट वर्षं चालवला.

सोवळ्याची अडचण त्याच संध्याकाळी कळली. मी एक मारवा मधेच थांबवून चहाला उठलो होतो. अॅप डॅकला धरून बसलेलंच होतं. बायकोने मिरजेच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मेहुणीचे ओठ हलत होते, आवाज शून्य. बायकोने संगणकाला दोन चापट्या मारल्या, मग मला बोलावलं, मग ‘हे तुम्ही काय करून ठेवलंय’पासून सुरू होऊन डबीच्या किमतीपर्यंत आणि तिथून माझ्या एकूण स्वभावापर्यंत विस्तार झाला. सोवळं फक्त जाणाऱ्या आवाजाला होतं. माइकला नव्हतं. मेहुणीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग फोन करून कळवलं, “तुमचा आवाज काय छान येतोय आज! शेजारी बसल्यासारखा.”

पुढचा अध्याय फर्निचरचा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, स्पीकर भिंतीला चिकटलेले नकोत आणि त्यांतली लहान चकती कानाच्या उंचीवर हवी. आमच्या हॉलमध्ये हा त्रिकोण आखल्यावर माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली. आता गाणं ऐकायचं तर उपाशी राहायचं किंवा जेवायचं तर उठायचं. समोरची भिंत आवाज परत फेकते म्हणून तिच्यावर काहीतरी मऊ हवं होतं. मी आईच्या हातची गोधडी लावली. येणारे-जाणारे “वाळली नाही का अजून?” असं विचारतात. आवाज मात्र खरोखर सुधारला. परदेशी फोमचे चौकोन मिळतात त्यांपेक्षा गोधडी कमी नाही, असं माझं मत आहे.

आणि मग ‘हम’ सुरू झाला.

ऊंऽऽऽ. गाणं असो नसो, स्पीकर हुंकारत राहायचे. स्नेही म्हणाले, वायर बदला. त्यांनी सुचवलेली वायर डॅकपेक्षा महाग होती आणि आणल्यावर दोनशे तास नुसती वाजवून मुरवायची होती. लोणचंही एवढे लाड करून घेत नाही. इलेक्ट्रिशियन आला, तो म्हणाला, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकू. त्याला चहा पाजून परत पाठवला. हम घालवायच्या नादात माणूस जायचा.

खालच्या मजल्यावर गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाई राहतात. त्या एकदा वर आल्या. मला वाटलं, तक्रार. त्या दारातच थांबल्या, मान किंचित कलती केली आणि म्हणाल्या, “पांढरी पाच आहे. जराशी चढी.” मी हिशेब करून पाहिला. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पांढरी पाच खाली खाली नेत गेलं, पेटीच्याही खाली, की ४९ हर्ट्झला पोचते. म्हणजे बाईंनी चपला न काढता जे सांगितलं ते सांगायला मला मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर लागलं. स्नेह्यांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी बाईंच्या कानाला डबी जोडली असती.

हमचा उलगडा आपोआप झाला. एका संध्याकाळी, मालिका ऐन रंगात असताना केबल गेली. बायको हळहळली, आणि हॉलमध्ये अचानक शांतता पसरली. अशी शांतता की पंखा ऐकू आला. आमचा सेट-टॉप बॉक्सही स्पीकरच्याच अॅम्प्लिफायरला जोडलेला आहे. गच्चीवरून येणाऱ्या केबलवायरची अर्थिंग वेगळी, संगणकाच्या तीन पिनांची वेगळी. दोघी अॅम्प्लिफायरमध्ये भेटायच्या आणि त्यांच्यात जी देवाणघेवाण व्हायची ती आम्ही पांढरी पाच म्हणून ऐकत होतो. केबलच्या मधे बसवायचा आयसोलेटर मिळतो. तो बसवला. हम गेला, त्याच्याबरोबर चार वाहिन्याही गेल्या, आणि त्यांत नेमकी मालिकेची होती. आयसोलेटर दुपारी बसला होता, तो संध्याकाळी सातच्या आत निघाला.

केबलवायर उपटून ठेवलेल्या एका सकाळी स्नेह्यांना बोलावलं. पुतणीही आली होती, वय चौदा. आधी कानांची तपासणी करू, म्हणून मी एक चाचणी लावली. खालून वर चढत जाणारा एकच सूर. दहा हजार हर्ट्झ, अकरा, बारा... मग सूर थांबला. मी स्नेह्यांना म्हटलं, “फाइल खराब दिसतेय, बंद पडली.” ते म्हणाले, “हो, मलाही तसंच वाटलं.” तेवढ्यात पुतणी दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडली, “काका, बंद करा ना ते! केवढ्याने वाजतंय!” पडद्यावर आकडा होता १५,०००. आम्ही दोघं अठ्ठावन्न वर्षांचे. १९२ किलोहर्ट्झच्या मापात ९६,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, आणि आमचा रस्ता बारा हजारांवर संपला होता. वरचं सगळं वटवाघळांसाठी.

मग पुतणीने आमची परीक्षा घेतली. एकच चीज, कधी एमपी३, कधी फ्लॅक, आवाजाची पातळी सारखी. दहा वेळा. माझी पाच बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी तितकीच आली असती. स्नेह्यांनी चार ओळखल्यावर हवेत दमटपणा असल्याचं सांगून परीक्षा सोडली.

जाता जाता मी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लावली. खाँसाहेब १९३७ साली गेले. तवा सव्वातीन मिनिटांचा, आणि मला तो मिळाला २४ बिटांत. मुळात तव्यावर नाही ते २४ बिटांत येणार कुठून? आली ती खरखर. पण काय खरखर होती! इतकी वर्षं कॅसेटवर ती नुसता पावसासारखा भुरभुर आवाज करायची. आता तिच्यातला ओरखडान् ओरखडा सुटा झाला. एका जागी तव्याला चरा आहे, तो दर फेऱ्याला ‘टक्’ म्हणतो. मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे ही लय खाँसाहेबांच्या ठेक्याशी जुळत नाही, तिची ती वेगळीच चालते. आणि या सगळ्याच्या मागून तो पातळ, उंच आवाज. पंचमावर टेकला तेव्हा कुणी काही बोललं नाही. पुतणीने फोन खाली ठेवला होता. स्नेहीसुद्धा त्या तीन मिनिटांत स्पीकर ऐकत नव्हते.

मिरजेच्या मेहुणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच आहेत की खाँसाहेब. उरुसात गाणी होतात. या एकदा, डबीबिबी काही लागत नाही.” जायचं आहे.

तूर्त आमच्याकडची व्यवस्था अशी आहे. सकाळी साडेनऊपर्यंत केबलवायर काढलेली, डॅक सोवळ्यात. संध्याकाळी सात ते साडेनऊ वायर लावलेली. खालच्या बाईंनी त्यांचा संध्याकाळचा क्लास काळी चारवरून पांढरी पाचवर आणलाय, मुलींना वरून, आमच्याकडून सूर मिळतो म्हणून. त्या वेळात कुणी गायला येणार असाल तर पेटी आणू नका. फक्त जरासं चढं गा.