लाजाळू दाते

गणपतीच्या वर्गणीला शंभराची नोट देणाऱ्यालाही पावतीवर नाव नीट हवं असतं. आडनावातली वेलांटी चुकली तरी तो पावती परत करतो. कोटीवाला दाता मात्र भलताच लाजाळू!

राजकीय पक्षांना देणगी द्यायला त्याच्यासाठी २०१८ पासून स्टेट बँकेत निवडणूक रोखे मिळू लागले. किंमत हजारापासून कोटीपर्यंत, रोख्यावर नाव कुठेच नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने योजना घटनाबाह्य ठरवून बँकेकडे दात्यांचा तपशील मागितला. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. तोवर लोकसभेची निवडणूक उरकली असती, हा अर्थातच योगायोग. ११ मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी दात्यांची यादी हजर!

यादीत पहिला नंबर लॉटरीवाल्यांचा लागला: फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी.