देवानं सोडलेला किनारा

भोकर समुद्रापासून लांब आहे, एवढं सांगून भागत नाही. ते दोन्ही समुद्रांपासून जवळपास सारखंच लांब आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं, तर अरबी समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि बंगालचा उपसागरही तेवढाच. आमच्या सुधा नदीनं आपल्यापुरता निकाल कधीच लावून टाकलाय. ती तेलंगणात शिरते, गोदावरीला मिळते आणि पूर्वेकडे निघून जाते. आम्ही पश्चिमेला गेलो, ते अक्काच्या मुलामुळे.

हा भाचा जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुट्टीत तो भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का नावाच्या स्पॅनिश बेटावर गेला आणि तिथून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. मागं निळंशार पाणी, खडकांच्या कुशीत चंद्रकोरीएवढी वाळू आणि माणूस एखाददुसरा. गाडी लांब लावून उन्हात पायी यावं लागतं, इथं हॉटेल नाही, टपरी नाही, नळ नाही, संडास नाही, असं तो अभिमानानं सांगत होता. युनेस्कोनं 1993 साली या बेटाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिलाय, हेही त्यानं सांगितलं. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"लोकं कुठं गेले रे सगळे? काही झालंय का तिथं?"

"आजी, इथं काहीच नाही. म्हणून तर येतात लोक."

दाजी बाजूला सुपारी कातरत बसले होते. "काहीच नाही बघायला इमानानं कशाला जायलास? आपल्या वावरात ये की."

पण अक्काच्या डोक्यात ते बसलं. कोकणात जायचंच, पण गर्दीचा समुद्र नको. गणपतीपुळ्याला उंट आहेत, घोडागाड्या आहेत, बोटी आहेत, भेळ आहे, म्हणून पुळे बाद. तेव्हा मी गणेशगुळ्याचं नाव काढलं. रत्नागिरीच्या उत्तरेला पुळे, तर दक्षिणेला, पावसच्या जवळ, गुळे. 'गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला' अशी त्या भागात म्हणच आहे. इथल्या गणपतीच्या बेंबीतून पाण्याची धार वाहायची, विटाळ झाला, धार आटली आणि देव उठून पुळ्याला गेला, अशी कथा सांगतात. ती ऐकल्यावर दाजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"म्हणजे पाणी गेलं म्हणून देवानंबी गाव सोडलं. तिथं आपण दिवसभर काय करायचं?"

मराठवाड्यातल्या माणसाला ही कथा नुसती पुराणातली वाटत नाही. पाण्यापायी गाव सोडलेली माणसं प्रत्येकाच्या भावकीत आहेत. आईनं मात्र देवाची बाजू घेतली. गेला असेल कामाधंद्याला, गाव तर त्याचंच ना, असं म्हणून तिनं जायचा दिवस संकष्टी चतुर्थीचा धरला. पुढं जे झालं त्याचं मूळ या तिथीत आहे.

सुविधा नसलेल्या ठिकाणी जायचं म्हटल्यावर आमच्या घरानं सुविधा बांधायला घेतल्या. धपाटे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदे, आईच्या उपासाचा साबुदाणा, स्टोव्ह, दोर, छत्र्या, पडद्यासाठी जुनी लुगडी, लग्नकार्यात पंगतीला लागते ती पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. भोकरला नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये हे चढवताना एका सज्जनांनी कुठं निघालात म्हणून विचारलं. समुद्रावर, असं सांगितलं. त्यांनी कॅनकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि वरच्या बर्थवर जाऊन पडले.

ठाण्याला गाडी बदलून कोकण रेल्वे धरली. तिच्यातल्या बोगद्यांबद्दल बरंच लिहून झालंय, म्हणून मी फक्त करबुड्याचा सांगतो. साडेसहा किलोमीटरचा आहे. आईनं आत शिरताना हरिपाठ सुरू केला आणि उजेड दिसेपर्यंत दम घेतला नाही. बोगदा सुटला की भोके नावाचं छोटं स्टेशन येतं आणि त्यानंतर रत्नागिरी. या भोक्यानंही पुढं आमची अब्रू काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीनं निघालो. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला हात जोडले आणि गुळ्याला पोचलो. देवळातला गणपती घडवलेल्या मूर्तीचा नाही, मोठी शिळाच आहे. आईनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि देव कुठंही गेलेला नाही, लोक उगाच बोलतात, असा निर्वाळा दिला. मग आम्ही खाली उतरलो.

किनारा खरोखर मोकळा होता. सुरूची झाडं, लांबच लांब वाळू, एक कुत्रं आणि आम्ही. दाजींना पहिल्यांदा संशय आला. तिकीट नाही, पार्किंगची पावती नाही, 'येथे थुंकू नये' नाही. फुकट आहे म्हणजे पोहायला बंदी असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. पोरांना भेळ पाहिजे होती. भेळवाला नाही म्हणजे नेमकं काय, हे त्यांना समजायला वेळ लागला. आईनं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. "खारटच हाय," ती म्हणाली. लोकांनी सांगितलेलं एकदाचं पडताळून झालं.

कोरड्या वाळूवर, सुरूच्या सावलीत बसावं, असं मी सुचवलं. पण अक्कानं मोबाइल काढला. भाच्याच्या व्हिडिओत माणसं पाण्याच्या अगदी काठावर पंचे टाकून पसरली होती. तेव्हा सतरंजी काठावर अंथरली गेली. चार कोपऱ्यांवर दोन कॅन, स्टोव्ह आणि दाजी. लुगड्यांचा आडोसा उभा राहिला आणि बायकांची कपडे बदलायची सोय झाली. भूमध्य समुद्रावर नसलेल्या निम्म्या सुविधा आम्ही पाऊण तासात उभ्या केल्या.

आईनं समुद्राला हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ सोडला. नारळ परत आला. तिनं पुन्हा लांब फेकला. लाटेनं तो पुन्हा तिच्या पायाशी आणून ठेवला. "घेईना की रे," ती कष्टी झाली.

"देव पुळ्याला हाय ना," दाजी आडवे पडल्या पडल्या म्हणाले. "नारळ तिकडल्या पत्त्यावर द्या म्हणतोय."

भरती चढत असल्याची ती नोटीस होती, पण आमच्यात ती वाचता येणारं कुणी नव्हतं. भूमध्य समुद्र चारी बाजूंनी जवळजवळ बंद. बाहेरच्या महासागराशी त्याचं येणंजाणं मुख्यतः जिब्राल्टरच्या चौदाएक किलोमीटरच्या फटीतून, त्यामुळं तिथली भरती बहुतेक ठिकाणी वीतभर, फार तर हातभर. काठावर पंचा टाकून निवांत झोपा. आपल्या रत्नागिरीला मात्र पाणी साधारण सहा तासांत दोन मीटरच्या आसपास चढू शकतं. मंद उताराच्या वाळूवर याचा अर्थ असा, की सकाळी जिथं समुद्र होता तिथून तो बराच आत, तुमच्या धपाट्यांपर्यंत येतो.

तो आला. पहिली लाट चटणीवरून गेली. दुसरीनं सतरंजी दाजींसकट जराशी वळवली. "पाणी यायलंय! पाणी यायलंय!" दाजी ओरडले. आमच्या घराण्यात ही आरोळी फक्त नळ आल्यावर देतात. सवयीनं अक्का कॅन उचलून धावली, पाण्याच्या दिशेनं. आडोशाची लुगडी फुगून उभी राहिली आणि आतून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. स्टोव्ह मी वाचवला. धपाटे कुत्र्यानं वाचवले.

सुरूच्या बनातून एक म्हातारे गृहस्थ सावकाश चालत आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं असावं.

"कुठले हो तुम्ही?"

"भोकरचे," दाजी सतरंजी पिळत म्हणाले.

"भोक्याचे?" म्हातारे थक्कच झाले. "रत्नागिरीच्या उशाला राहता आणि भरती कळत नाही तुम्हाला?"

भोकर नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या हद्दीकडं आहे, असं मी समजावल्यावर त्यांनी आमच्याकडं जरा माणुसकीनं पाहिलं. मग आईला शेजारी बसवून हिशेब सांगितला. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आज चतुर्थी, चार पाऊण तीन. तीन वाजता पाणी भरणार. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की तिथी पुन्हा एकपासून मोजायची. आईनं बोटांच्या पेरांवर करून पाहिलं. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. बरोबर तीनच्या सुमारास पाणी थबकलं, तेव्हा आईनं गृहस्थांना नमस्कार केला. तेवढा तिनं शिळेलाही मनापासून केला नव्हता.

जाताना त्यांनी आम्हाला घरी नेलं, विहिरीचं गोड पाणी दिलं आणि आमचे कॅन पाहून हसले. आमच्याकडं पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस रत्नागिरीत पडतो, पण जांभ्याच्या उतारावरून तो समुद्राकडं धावतो आणि कोकणातल्या काही वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. हे ऐकून दाजींचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला.

भोकरला परतल्यापासून आई रोज सकाळी दिनदर्शिकेत तिथी पाहून गल्लीत भरतीची वेळ जाहीर करते. एकादशीला सव्वाआठ. षष्ठीला साडेचार. बायका मन लावून ऐकतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, याच हिशेबानं आपला नळ कधी येईल ते निघतं का? आईनं तिथी धरली, वार धरला, मागच्या वेळी नळ कधी आला होता ते धरलं, पेरं संपली तशी दाजींची बोटं मागून घेतली. अजून मोजायलीय.