सौ. सरासरीबाईंना नवलाख उंबऱ्यांतून

सौ. सरासरीबाई,
मु. पो. जिल्हा उत्पन्नाचा तक्ता, पुणे.



आपली ओळख नाही, तरी तुम्ही दरसाल आमच्या नावावर मिरवता, म्हणून लिहायचं धाडस करतो. पुणे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न राज्याच्या वर, असं तुमच्या तोंडून ऐकलं की छाती फुगते. मग खिसा चाचपला की बसते. हिंजवडीतला पगार आणि वेल्ह्याच्या डोंगरातली मजुरी एकाच पातेल्यात ढवळून तुम्ही सगळ्यांच्या पानात सारखी पळी वाढता. जिल्ह्याची पायरी उतरून गावात यायचं मात्र तुमच्या जिवावर येतं.

आकड्यांचं आम्हाला वावडं नाही. आमच्या गावाच्या नावातच आकडा आहे: नवलाख उंबरे. नऊ लाख उंबरे! घरटी पाच माणसं धरली तर पंचेचाळीस लाख. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्यात माणसं भरली 94 लाखांच्या आसपास. म्हणजे निम्मा जिल्हा आमच्याकडेच नांदतो. हा आकडा खोटा आहे हे शेंबडं पोरही जाणतं, तेवढाच त्याचा प्रामाणिकपणा.

खऱ्या आकड्यांची गंमत निराळी. परवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो, तर संगणकावरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "कशाला पाहिजे?" उत्पन्न किती, हे नंतर. आणि त्याचं बरोबरच आहे. पिवळ्या शिधापत्रिकेला वर्षाचे 15 हजार, केशरीला लाखाच्या आत, लाडक्या बहिणीला अडीच लाखांच्या आत, नॉन-क्रिमीलेअरला आठ लाखांच्या आत. हेच घर गाडीच्या कर्जाला बँकेत गेलं की भरभराटीला येतं, आणि मुलाच्या बायोडेटात तर 'बागायती शेती, स्वतःचा व्यवसाय, महिना लाखाच्या पुढे'. उंबरा एकच, उत्पन्नं सहा. आता कळलं ना, नऊ लाख कसे भरतात ते?

कराचं म्हणाल, तर शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. पालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचाही नाही. त्यामुळे ज्याच्या गळ्यात साखळी आणि दारात दोन गाड्या तो गुंठामंत्री करखात्याच्या वहीत दिसत नाही, आणि कंपनीत बारा तास उभा राहणारा त्याचा भाडेकरू दिसतो, तोही हाती पडायच्या आधी कापलेल्या पगारामुळे. इंद्रायणी तांदूळ पिकवणारी म्हातारी ना गाडीवाल्यांत, ना वहीत. तिची भाकरी कुणाच्याच तक्त्यात भाजली जात नाही.

आणि तळेगावची एमआयडीसी? माल इथं बनतो, नफ्यावरचा कर मात्र मुख्य कार्यालय असेल तिथल्या हिशेबात पडतो. प्राप्तिकर खातं राज्यवार वसुली छापतं, त्यात महाराष्ट्र पहिला, देशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यातला मोठा घास मुंबईच्या नावावर. धूर आमच्या पत्र्यावर, पावती नरिमन पॉइंटला. 2020 सरताना जनरल मोटर्सनं तळेगावातलं उत्पादन थांबवलं, तेव्हा इथल्या किती चुली मंदावल्या हे तुमच्या दशांश चिन्हाला कळलं असेल, असं मला वाटत नाही.

अमेरिकेत म्हणे पिनकोडवार उत्पन्नाचे आकडे करखातंच छापतं. नॉर्वेत तर शेजाऱ्याचं उत्पन्नही बघता येतं, फक्त कुणी बघितलं ते शेजाऱ्यालाही कळतं. आमच्याकडे ही सोय जुनीच आहे. त्यासाठी लग्नाचा मांडव मोजायचा आणि बैलगाडा शर्यतीला कुणाचे किती गाडे धावले ते बघायचं. कुणी बघितलं, हे लपवायची पद्धतही आपल्यात नाही.

तेव्हा बाई, एकदा याच. इंद्रायणीचा भात आणि पिठलं करतो. येण्याआधी फक्त कशासाठी येताय तेवढं कळवा, म्हणजे त्या हिशेबानं उत्पन्न काढून ठेवता येईल.



आपला,
नऊ लाखांतला एक उंबरा