तब्येतीसाठी घेतो हो!

डिसेंबर लागला की नरडाण्याच्या आसपासच्या मळ्यांत संध्याकाळी धूर दिसू लागतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, साल काढून बडगीत ठेचायची. मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि जोडीला कळण्याची भाकरी. इथपर्यंत सगळं पथ्याचं. मग कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून काळी पिशवी निघते आणि मळ्यात एकदम आरोग्य शिबिर भरतं.

एकाला थंडी वाजते. दुसऱ्याला मुतखडा आहे. तिसऱ्याला रात्री झोप लागत नाही. चौथ्याला काहीच झालेलं नसतं, तो नुसतं म्हणतो, "एक पेगमां काय व्हस रे भो?"

शिबिर भरलंच आहे, तर तपासणी करून टाकू. थंडीवाल्याच्या कातडीजवळच्या रक्तवाहिन्या दारूने रुंदावतात. त्याला ऊब वाटते खरी, पण अंगातली उष्णता बाहेर निघून जात असते. खडेवाल्याला बिअरने लघवीला जास्त होतं, शरीरातलं पाणी घटतं आणि खडा आपल्या जागी असतो. झोपवाला लवकर घोरू लागतो आणि पहाटे तीनला टक्क जागा होतो.

बिअरवाल्याचा आणखी एक दावा असतो: "बिअर म्हणजे काय दारू थोडीच!" साडेसहाशे मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली घ्या. तिच्यात साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल भरतं. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये ते 10 ग्रॅम असतं. म्हणजे "दारू थोडीच" म्हणणाऱ्याने एका बाटलीत चार पेग रिचवले. यकृत तासाभरात साधारण एका पेगचा निपटारा करतं. लिंबूपाणी, कॉफी किंवा दही-मिरचीने त्याचा वेग वाढत नाही; ते सरकारी कचेरीसारखं आपल्याच गतीने चालतं.

चौथ्यासाठी उत्तर जरा मोठं आहे. 1978 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुट्ट्यांमध्ये भरपूर पिऊन आलेल्या माणसांच्या हृदयाचे ठोके बिघडलेले पाहिले आणि त्या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' नाव दिलं. 1988 पासून दारू कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. तंबाखूही त्याच गटात. आणि जानेवारी 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही.

पण आमचे रुग्ण या संघटनेचं कशाला ऐकतील? त्यांच्या बाजूने खुद्द महाराष्ट्राचा कायदा उभा आहे. इथे 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. प्यायची तर परवाना हवा आणि तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! विदेशी मद्याला एका दिवसाचे पाच रुपये, देशीला दोन. इतकं स्वस्त औषध सरकारी दवाखान्याबाहेर दुसरं कुठे मिळतं? वर थर्टी फर्स्टला हा दवाखाना पहाटेपर्यंत उघडा ठेवायची सवलतही मिळते.

कुणी पिऊच नये असं सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून प्यायचीच असेल त्याला एवढंच: आधी भाकरी खा, पेग मापाने भरा, मध्ये पाणी प्या, आणि मुंबई-आग्रा महामार्गावर स्टिअरिंगला हात लावू नका. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ट्रकवाला तर दंडाची पावतीही फाडत नाही.

आणि आग्रह आवरा. न पिणाऱ्याला आपण रात्रभर "बायकोला घाबरतो" म्हणून छळतो आणि दीड वाजता त्याच्याच गाडीत दाटीवाटीने बसतो. यंदा छळायचंच असेल तर जरा जपून. किल्ली त्याच्याकडे असते.